घाटमाथ्यावर जहाजाचे जॉब : आधी जागा मोजा, मग माणसं

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा या पट्ट्यातल्या फॅब्रिकेशन शेडला घाटाखालून, म्हणजे किनाऱ्यावरच्या जहाजबांधणी यार्डातून, जहाजाच्या कामाची विचारणा येते तेव्हा ती बहुधा टनांत येते. ‘वीस-बावीस टन काम आहे, महिन्यात देणार का?’ आणि शेडवाला उत्तर माणसांत देतो. ‘सहा जण आहेत, लागले तर आणखी चार आणतो.’ मधली एक गोष्ट दोघांच्याही बोलण्यातून सुटते, ती म्हणजे शेडची फरशी. जहाजाचे भाग वजनानं फार नसतात, पण पसरट असतात, दिवसेंदिवस एका जागी पडून असतात आणि उचलून कोपऱ्यात ठेवता येत नाहीत. शेड आधी भरते, माणसं नंतर कमी पडतात. म्हणून नियोजन फरशीपासून सुरू करायचं. ते कसं, ते इथं पायरीपायरीनं मांडतो आहे. हिशेब समजायला एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू.

पायरी १ : घाट उतरेल तेवढंच काम घ्या

मोठ्या यार्डात जहाज ब्लॉक-ब्लॉकनं बांधतात. प्लेट कापायची, लहान भाग जुळवायचे, त्यांची पॅनेल करायची, पॅनेलचे ब्लॉक, ब्लॉकच्या आतच पाइप आणि केबल ट्रे बसवायचे, रंग द्यायचा आणि मग क्रेननं उचलून स्लिपवेवर, म्हणजे जहाज पाण्यात सोडायच्या उतारावर, एकाला एक जोडायचे. पुरा ब्लॉक करणं आपल्याला शक्य नाही. शंभर टनांचा डबा चोर्ला घाटाच्या वळणावरून कोण नेणार? आपली जागा या साखळीच्या पहिल्या दोन-तीन कड्यांत आहे : डेक आणि बल्कहेडची (जहाजाच्या आतल्या भिंतींची) सपाट पॅनेल, वेब फ्रेम, टी-बीम, इंजिन आणि पंपांची सीटिंग (ते बसवायच्या बैठका), शिड्या, कठडे, मॅनहोलची झाकणं, पाइपचे स्पूल (आधीच जोडून ठेवलेले तुकडे), लहान बार्जचं सुकाणू.

मोटार वाहन नियमांत वाहनाच्या रुंदीची मर्यादा २.६ मीटर आहे. माल त्याबाहेर गेला की तो ओडीसी, म्हणजे मापाबाहेरचा माल, होतो. परवानगी, पायलट गाडी, दिवसा-रात्रीचे निर्बंध सगळं मागं लागतं. म्हणून ड्रॉइंग हातात आल्यावर पहिला प्रश्न एकच : हे २.५ मीटरच्या पट्ट्यांत तोडता येईल का? यार्डच्या डिझाइनवाल्यांना हे काम घेण्याआधी विचारलं तर ते पुष्कळदा जोडाची रेघ सरकवून देतात. काम सुरू झाल्यावर विचारलं तर कोणी दाद देत नाही.

जहाजबांधणीत एक ठोकताळा सांगतात. शेडमध्ये एका तासात होणाऱ्या कामाला ब्लॉकवर तीन तास लागतात आणि तेच जहाजावर चढून करायचं तर आठ. आकडे तंतोतंत धरू नका, पण यार्ड आपल्यापर्यंत काम पाठवतं त्याचं कारण यात आहे. म्हणून नुसतं पॅनेल घेऊ नका. पाइपचे सपोर्ट, केबलचे क्लिप, उचलायचे आयबोल्ट पॅड, भोकं हेही मागून घ्या. पॅनेल आपल्या फरशीवर आडवं पडलेलं असताना एक क्लिप मारायला हेल्परचा जेवढा वेळ जातो, तेवढा वेळ खाली यार्डात नुसती शिडी आणण्यात जातो.

पायरी २ : फरशीचं खरं माप काढा

शेड ४५ मीटर लांब आणि १८ मीटर रुंद धरू. घरपट्टीच्या कागदावर ही जागा ८१० चौरस मीटर. कामाची किती?

ओव्हरहेड क्रेनचा हुक भिंतीला चिकटत नाही. दोन्ही लांब बाजूंना दीड-दीड मीटर आणि दोन्ही टोकांना अडीच-अडीच मीटर सोडले तर हुकाखाली १५ गुणिले ४०, म्हणजे ६०० चौरस मीटर उरतात. मधून ट्रॉली आणि माणसं जायला ३ मीटरचा रस्ता हवाच. त्याचे १२० गेले. प्लेटची थप्पी, गॅस कटिंगचं टेबल, ड्रिलिंग मशीन, सिलिंडर, वायरची खोकी यांना ११० द्या. दारापाशी तयार माल आणि ट्रेलर टेकायला ५०. हाती राहिले ३२०. म्हणजे शेडच्या शंभरातले चाळीस. आपल्याकडच्या बऱ्याच शेडमध्ये जुनी लेथ, कधीतरी लागेल म्हणून ठेवलेले मोल्ड आणि मालकाची बंद पडलेली जीप यांनी आणखी शंभरेक मीटर खाल्लेले असतात. ते आधी हलवा. जहाजाचं काम घेण्यासाठी करायची सगळ्यात स्वस्त गुंतवणूक ही आहे.

फरशीबरोबर आणखी तीन गोष्टी मोजा. हुकाची उंची : २.५ मीटर रुंदीचं पॅनेल पलटी करताना ते उभं होतं. वर साखळी आणि स्लिंगचा कोन मिळून आणखी दोन-अडीच मीटर लागतात. फरशीची पातळी : जुन्या काँक्रीटवर ६ मीटरच्या लांबीत १५ मिलिमीटरचा उतार सहज असतो, आणि वाकड्या बेडवर सरळ पॅनेल होत नाही, आय-बीमचा बेड टाकून लेव्हल मशीननं एकदा बसवून घ्या. तिसरी वीज : वीज कंपनी हेस्कॉमकडून मंजूर लोड किती आणि वेल्डिंगचे पॉइंट कुठं आहेत. ज्या कोपऱ्यात केबल पोचत नाही ती जागा कागदावर आहे, कामात नाही.

जहाजाच्या पोलादाला एक वेगळी शिस्त असते. प्लेट वर्गीकरण संस्थेच्या, म्हणजे जहाजाचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेच्या, प्रमाणपत्राची असते आणि तिच्यावर हीट नंबर, म्हणजे पोलादाच्या ज्या ओतणीतून ती आली तिचा नंबर, असतो. प्लेट कापली की उरलेल्या तुकड्यावर तो नंबर पुन्हा ठोकायचा, नाहीतर तो तुकडा जहाजाच्या दृष्टीनं भंगार. यासाठी वेगळा रॅक लागतो, साध्या मालात मिसळलेला चालत नाही. वरच्या ११० मीटरमध्ये तो धरलेला आहे.

पायरी ३ : चौरस मीटर-दिवस

सगळ्या लेखातली खरी पायरी ही. प्रत्येक जॉबला दोन मापं असतात : तो किती जागा अडवतो आणि किती दिवस अडवतो. दोन्हींचा गुणाकार म्हणजे त्या जॉबनं शेडकडून घेतलेलं भाडं.

आपली ऑर्डर अशी धरू. डेकची १२ पॅनेल, प्रत्येक ६ मीटर बाय २.५ मीटर, ८ मिलिमीटर प्लेट. आणि इंजिनाची ४ सीटिंग, प्रत्येक ४ मीटर बाय १.५ मीटर, जाड प्लेटची.

पॅनेलच्या चहूबाजूंनी माणसाला वाकायला, मशीन ठेवायला १ मीटर द्या. जागा झाली ८ गुणिले ४.५, म्हणजे ३६ चौरस मीटर. दिवस : जुळवणी आणि टॅकिंग (जागोजागी वेल्डचे टाके) २, वेल्डिंग २, पलटी करून मागची बाजू १, सरळ करणं आणि ग्राइंडिंग १, तपासणीची वाट २, हलवाहलव १. एकूण ९. एका पॅनेलचे ३२४ चौरस मीटर-दिवस, बाराचे ३,८८८. सीटिंगची जागा ६ गुणिले ३.५, म्हणजे २१, दिवस १४, एकाचे २९४, चारांचे १,१७६. सगळे मिळून ५,०६४.

आता शेडकडं आहे किती? ३२० गुणिले महिन्याचे २६ कामाचे दिवस, ८,३२०. पण वेगवेगळ्या मापाचे जॉब मांडले की मध्ये बोळ राहतात, आणि काढलेल्या जॉबच्या जागी दुसरा त्याच संध्याकाळी येतो असं नाही. मी शंभरातले सत्तर धरतो. म्हणजे ५,८२४. गरज ५,०६४. बसतं.

आता सर्व्हेअर, म्हणजे वर्गीकरण संस्थेचा तपासनीस, दोन दिवसांऐवजी पाच दिवसांनी आला असं समजा. वेल्डर तेच, ड्रॉइंग तेच, एकही चूक नाही. पॅनेल १२ दिवस पडून : ५,१८४. सीटिंग १७ दिवस : १,४२८. बेरीज ६,६१२. शेडची कुवत ओलांडली, आणि वरचं काम बाहेरच्या आवारात चिखलात मांडायची वेळ आली. घाटाखालच्या यार्डाला ‘माणसं कमी पडली’ असं सांगितलं जातं, प्रत्यक्षात तीन दिवस कोणी हातही न लावलेल्या पॅनेलांनी शेड अडवलेली असते.

म्हणून दर देताना टनाच्या दराखाली ही बेरीज लिहून ठेवा. चौरस मीटर-दिवसाला तुमची शेड किती पैसे मिळवायला हवी, हे भाडं, व्याज, वीज, सुपरवायझरचा पगार भागिले कुवत करून काढता येतं. मग कळतं की हलकं पण पसरट काम टनाच्या दरात कसं अंगावर येतं.

पायरी ४ : माणसांचे तास वेल्डच्या मीटरवरून

टनावरून तास काढणं सोपं आहे आणि फसवंही. दोन जॉब समोरासमोर ठेवू.

एक पॅनेल : ८ मिलिमीटर प्लेट म्हणजे चौरस मीटरला ६२.८ किलो, १५ चौरस मीटरचे ९४० किलो. त्यावर ६०० मिलिमीटरच्या अंतरानं ६ मीटरचे ४ स्टिफनर (प्लेट ताठ ठेवणाऱ्या उभ्या पट्ट्या) आणि आडवे २ वेब (तशाच, पण जास्त उंचीच्या पट्ट्या). सगळं मिळून साधारण १.३५ टन. वेल्ड किती? स्टिफनर २४ मीटर, दोन्ही बाजूंनी ४८. वेब ५ मीटर, दोन्ही बाजूंनी १०. स्टिफनर आणि वेब एकमेकांना ओलांडतात तिथल्या कॉलर प्लेटचे ४. एकूण ६२ मीटर. वेल्डचा लेग (त्रिकोणी वेल्डची एक बाजू) ५ मिलिमीटर असेल तर छेद १२.५ चौरस मिलिमीटर, मीटरला ९८ ग्रॅम. फुगवटा धरून ११५ धरा. ६२ मीटरला सात किलोच्या वर थोडी धातू. फ्लक्स कोअर वायरनं सपाट स्थितीत तासाला २ किलो पडते असं धरलं तर आर्क जळतो साडेतीन तास. पण वेल्डर दिवसभर आर्क जाळत नाही. तो सरकतो, साफ करतो, टीप बदलतो, फिटरची वाट बघतो. आर्क प्रत्यक्ष जळण्याचा वेळ शंभरातला पंचवीस-तीस. म्हणजे वेल्डरचे १३ तास. फिटर, हेल्पर, ग्राइंडर, सरळ करणारा मिळून पॅनेलला ४५ तास धरू.

सीटिंगचं वजन जवळपास तेवढंच, १.३ टन. पण प्लेट २० मिलिमीटर आणि वेल्ड पूर्ण खोलीचा, दोन्ही बाजूंनी चॅम्फर करून. मीटरला एक किलोच्या आसपास धातू जाते. १६ मीटरला १६ किलो. वरच्याच हिशेबानं वेल्डरचे ३० ते ३२ तास, शिवाय मागची बाजू गाउजिंग करून, म्हणजे आर्कनं खोबण काढून, साफ करणं, अल्ट्रासॉनिक तपासणी. एकूण १०० तास. वजन सारखं, तास दुपटीहून जास्त.

महिन्याचं काम : पॅनेलांचे ५४०, सीटिंगचे ४००, एकूण ९४० मनुष्य-तास. एका माणसाचे महिन्याला २०८ तास. त्यातून चहा, वायर संपणं, वीज जाणं, गैरहजेरी वजा करून १७० धरा. साडेपाच, म्हणजे सहा माणसं. बघा, सहा माणसांच्या कामानं शेड सत्त्याऐंशी टक्के भरली. आणखी चार आणून त्यांना उभं कुठं करणार?

आठवड्याचे ४८ तास आणि त्यावर दुप्पट दरानं ओव्हरटाइम हा कायदा लक्षात ठेवून हिशेब करा. रविवार धरून आखलेला बार चार्ट कागदावर छान दिसतो, पण तिसऱ्या आठवड्यात ग्राइंडिंगचं काम बिघडायला लागतं आणि तपासणीत ते दिसतं.

पायरी ५ : एका वेळी थोडे जॉब उघडा

आपल्याकडची सवय अशी की माल आला की सगळी पॅनेल एकदम मांडायची. यार्डचा माणूस पाहणीला आला की सगळीकडं काम चालू दिसतं, मालकालाही बरं वाटतं. हिशेब मात्र उलटा जातो. सहा माणसं दहा जॉबवर विखुरली की प्रत्येक जॉब कोणाची तरी वाट बघत पडतो, आणि प्रत्येक वाटेचं भाडं ३६ चौरस मीटर.

तिघांची एक टोळी करा : एक फिटर, एक वेल्डर, एक हेल्पर जो ग्राइंडिंगही करतो. टोळी एक पॅनेल हातात घेईल आणि तपासणीला लावूनच सोडेल. तिघांचे दिवसाचे १९-२० कामाचे तास धरले तर ४५ तासांचं पॅनेल अडीच दिवसांत होतं. अडचणी आणि हलवाहलव धरून ४ दिवस द्या. तपासणीचे २ धरून ६. पॅनेलचे २१६ चौरस मीटर-दिवस, बाराचे २,५९२, सीटिंगसह ३,७६८. आता सर्व्हेअर पाच दिवसांनी आला तरी ५,३१६. शेडच्या कुवतीच्या आतच. एकही माणूस वाढवला नाही, एकही तास कमी केला नाही.

टोळी तीनाहून मोठी करू नका. ६ बाय २.५ च्या पॅनेलवर चौथा माणूस शिरला की एकाच्या आर्कचा झोत दुसऱ्याच्या डोळ्यात आणि केबलवर केबल. शिवाय पातळ पॅनेल वेल्डिंगनं वाकतं. मधून बाहेरच्या बाजूला, समोरासमोर, टप्प्याटप्प्यानं वेल्ड घ्यायचा असतो. दोन वेल्डर आपापल्या टोकाकडून मनाला येईल तसे सुटले तर नंतर गॅसनं तापवून पाणी मारत सरळ करण्यात वाचलेला वेळ दुप्पट जातो.

सुकाणूसारखा बंद डबा असेल तर आत एकच माणूस, आणि बाहेर त्याच्यावर नजर ठेवणारा दुसरा. वेल्डिंगला वापरतात तो कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, तो तळाला साचतो. ब्लोअरशिवाय आत जायचं नाही. आतला हातदिवा २४ व्होल्टचाच हवा. बाहेरचा माणूस ‘रिकामा’ दिसतो म्हणून त्याला दुसरं काम देणारे सुपरवायझर असतात. त्याचे तास हिशेबात पूर्ण धरा.

१९४२ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या रिचमंडच्या कायझर यार्डात ‘रॉबर्ट ई. पिअरी’ हे लिबर्टी जहाज कणा ठेवल्यापासून ४ दिवस १५ तास २९ मिनिटांत पाण्यात सोडलं. ती गोष्ट ‘किती माणसं लावली’ म्हणून सांगतात. खरी करामत आधीची : मोठमोठे भाग अगोदर पूर्ण करून, लागतील त्या क्रमानं शेजारी मांडून ठेवले होते.

पायरी ६ : नकाशा

संगणकावर यासाठी मोठाली सॉफ्टवेअर आहेत. आपल्या शेडला मिलिमीटर कागद पुरतो. १:१०० मापानं फरशी काढा, खांब, क्रेनची मेलेली पट्टी (जिथं हुक पोचत नाही ती), रस्ता, वीजपॉइंट दाखवा. प्रत्येक जॉबचा पुठ्ठा कापा, मोकळ्या मार्जिनसह. शेजारच्या दोन जॉबचं मार्जिन एकमेकांवर येऊ द्या, कारण दोन्हीकडं एकाच वेळी माणूस वाकत नाही. आठवड्याला एक कागद, असे पाच कागद.

मांडताना मागून पुढं चला. यार्डला कुठलं पॅनेल कधी हवंय त्या तारखेपासून उलटं मोजा. आधी जाणारं दाराजवळ, उशिरा जाणारं आत. सीटिंग जास्त दिवस बसणार म्हणून तिला आतला कोपरा द्या, पण गाउजिंगच्या ठिणग्या रंगाच्या डब्यांपासून लांब. पलटीसाठी एक जागा कायम मोकळी ठेवा, क्रेनच्या मधोमध. त्या जागेवर ‘तात्पुरतं’ काही ठेवलं गेलं की दुसऱ्या दिवशी पलटी थांबते आणि तिच्यामागं सगळी रांग.

कागद शेडमध्येच भिंतीवर लावा, ऑफिसात नको. लिहिणं मराठीत, जॉब नंबर मोठा. आपल्या शेडमध्ये येळ्ळूर-देसूरचा फिटर, चंदगडचा हेल्पर, बिहारचा वेल्डर आणि गोकाकचा क्रेनवाला एकाच जॉबवर असतात. पुठ्ठ्याचा आकार चौघांनाही कळतो. रोज सकाळी दहा मिनिटं कागदापाशी उभं राहून पुठ्ठे हलवा. आठवड्यातून एकदा करून चालत नाही, तोवर फरशी आणि कागद वेगळे झालेले असतात.

पायरी ७ : इथलं पंचांग

यार्डचं वेळापत्रक मुंबई किंवा वास्कोत बसून केलेलं असतं. त्यात भाताची लावणी नसते. जून सरता-सरता खानापूर आणि बेळगावच्या पश्चिम भागातले निम्मे हेल्पर शेतात असतात, आणि ते योग्यच आहे. घरचं शेत पडीक ठेवून कोणी ग्राइंडर धरणार नाही. आषाढात वडगावची मंगाई यात्रा, मग गणपती. बेळगावातली विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, त्यामुळं त्या दोन दिवसांत ट्रेलरची तारीख घेऊ नका. दिवाळीच्या आसपास सुगी, पाठोपाठ उसाचा हंगाम. त्यात ट्रॅक्टर-ट्रेलर आणि चालक दोन्ही मिळत नाहीत. १ नोव्हेंबरला राज्योत्सवाची सुट्टी आणि काळ्या दिनाची फेरी, शहरातली वाहतूक धरू नका. वैशाखात शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक. मार्गशीर्ष ते माघ पौर्णिमेपर्यंत सौंदत्तीला यल्लम्माच्या यात्रेला जाणारे. आणि गावची लक्ष्मी यात्रा असेल तर त्या गावचा माणूस आठ-पंधरा दिवस गृहीत धरू नका. पाहुणे येणार, घर रंगणार.

हे सगळं कॅलेंडरवर आधीच लिहा. माणसांना विचारा, ते सांगतात. जानेवारी ते मेमध्ये जुळवणीचं जड काम, जूनअखेर ते ऑगस्टमध्ये सीटिंगसारखं कमी माणसांचं, जास्त दिवसांचं काम. असा कल ठेवला की भांडण होत नाही.

पायरी ८ : वेल्डरची परीक्षा आणि सर्व्हेअरचा दिवस

‘चार वेल्डर आणतो’ हे वाक्य जहाजाच्या कामात चालत नाही. वेल्डिंगची पद्धत आधी लिहून, नमुना जोडून, तपासून इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंगसारख्या संस्थेकडून मंजूर करून घ्यावी लागते. प्रत्येक वेल्डरची त्या-त्या स्थितीसाठी परीक्षा होते. सपाट स्थितीत पास झालेला उभा वेल्ड मारू शकत नाही. नमुना, बेंड टेस्ट, कागद यांत दिवस जातात. म्हणून सहा लागत असतील तर आठ जणांची परीक्षा सुरुवातीलाच करून घ्या. लावणीच्या दिवसांत ते दोन उपयोगी पडतात.

तपासणीचे टप्पे ड्रॉइंगवर असतात : जुळवणी झाल्यावर, वेल्डनंतर डोळ्यांनी, मग डाय पेनिट्रंट किंवा अल्ट्रासॉनिक. सर्व्हेअर एका पॅनेलसाठी घाट चढून येणार नाही. तीन-चार पॅनेल एकदम तयार होतील असा टोळ्यांचा क्रम लावा आणि तारीख आठवडाभर आधी लेखी मागा. तो येण्याआधी पॅनेल एकावर एक रचू नका, त्याला दोन्ही बाजू बघायच्या असतात. तो गेला की त्याच संध्याकाळी लाकडी ठोकळे देऊन थप्पी लावा : चार पॅनेलांची जागा एकावर आली.

पायरी ९ : रंग

शक्य असेल तर ब्लास्टिंग (कणांच्या माऱ्यानं प्लेट साफ करणं) आणि रंग यार्डावर सोडा आणि आपण शॉप प्रायमर (गंज थोपवणारा पातळ पहिला थर) मारलेली प्लेटच मागवा. रंग घ्यावाच लागला तर तो आठ महिन्यांचा धंदा समजा. हवेतली सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली आणि पोलादाचं तापमान दवबिंदूच्या किमान ३ अंश वर असल्याशिवाय रंग मारायचा नसतो. जुलैत कणकुंबीकडून ढग उतरतात तेव्हा आपल्या उघड्या शेडमध्ये ही अट दिवसदिवस पुरी होत नाही, आणि ब्लास्ट केलेली प्लेट काही तासांतच पिवळी पडते. हायग्रोमीटर घ्या, दर पाळीला आकडा वहीत लिहा. रंग दिलेलं पॅनेल सुकेपर्यंत जागा अडवतं आणि तेवढ्या जागेत वेल्डिंगचं कामही होत नाही. चौरस मीटर-दिवसांत तो वेळही धरा.

पायरी १० : ट्रेलर

आपल्या उदाहरणातलं पॅनेल २.५ मीटरचं म्हणून साध्या ट्रेलरवर जातं. १.३५ टनांची सहा पॅनेल म्हणजे आठ टन. वजनानं गाडी रिकामी वाटेल, पण थप्पीची उंची आणि बांधणी बघा. खालच्या पॅनेलचे स्टिफनर वर आणि वरच्याचे खाली अशी जोडी लावली की उंची कमी होते आणि घासत नाही. चेनखाली रबर द्या, नाहीतर कडेला आलेला खड्डा यार्ड आपल्या खात्यावर लिहितं.

चोर्ला जवळचा, पण वळणं अरुंद आणि जड वाहनांवर अधूनमधून बंदी येते. अनमोडचा रस्ता लोंढा-रामनगरवरून मोलेला उतरतो. कुठून जायचं हे नकाशापेक्षा त्या आठवड्यात उतरून आलेल्या ड्रायव्हरला विचारून ठरवा, आणि पावसाळ्यात यार्डला दिलेल्या तारखेच्या दोन दिवस आधी गाडी भरा.

कागदांत एक गोष्ट हमखास राहते. प्लेट यार्डची आणि काम आपलं असेल तर हा राज्याबाहेरचा जॉबवर्क होतो, आणि यार्ड माल पाठवतं तेव्हा किंमत कितीही असली तरी ई-वे बिल लागतं. परत जाताना आपल्या चलनाबरोबर ते काढाच. साध्या मालाला दिवसाला २०० किलोमीटरची मुदत मिळते, म्हणजे वास्कोला एक दिवस. गाडी रात्री भरून सकाळी निघणार असेल आणि घाटात अडकायची शक्यता असेल तर बिल रात्री काढून ठेवू नका, गाडी गेटबाहेर पडताना काढा. ओडीसी माल असेल तर मुदत दिवसाला २० किलोमीटरच्या हिशेबानं मिळते, पण त्यासाठी बिलावर तसा पर्याय निवडावा लागतो. गाडीबरोबर प्लेटची प्रमाणपत्रं, हीट नंबरचा तक्ता, तपासणीचे सहीचे कागद आणि कुठलं पॅनेल थप्पीत कितवं आहे त्याची यादी द्या. यार्डचा क्रेनवाला वरून उतरवत येतो, म्हणून यादीही वरूनच सुरू करा.